तिलकांच्या घरातले बालकवी

आपण यावलहून भुसावळला जातो आणि तेथून गाडीने जळगावकडे निघतो, तेव्हा वाटेत भादलीचे लहानसे स्टेशन लागते. याच ठिकाणी ५ मे १९१८ रोजी रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून एका कवीचा अंत झाला. वय अवघे २७. त्यांचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. शाळेत आपण सर्वांनी त्यांना बालकवी म्हणून पाठ केले आहे.

बालकवी आपल्या खानदेशचेच. १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावला त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात, म्हणून बदल्या होत आणि बिऱ्हाड गावोगाव फिरे. शिक्षण काही नीट झाले नाही. हा मुलगा रानात, ओढ्याकाठी रमायचा आणि शब्द जुळवीत बसायचा. आजच्या पालकांनी अशा मुलाला प्रथम शिकवणीला घातले असते!

१९०७ साली जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ हे नाव दिले. कौतुकाच्या टाळ्या एका दिवसाच्या असतात. पण या मुलाला त्यानंतर एक घरही मिळाले. रेव्ह. नारायण वामन तिलक आणि लक्ष्मीबाई यांचे ते अहमदनगरचे घर.

तिलक आपल्या कॅथोलिक मंडळींपैकी नव्हते, तरी त्यांची भजने आपल्याही ओठी आहेत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. दोघे जन्माने ब्राह्मण, त्यामुळे धर्मांतराने नातलग दुरावण्याचे दुःख या घराने पुरेपूर सोसले होते. पैसा फारसा नव्हता. तिलकांच्या हाती चार आणे आले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जायचे. पोटचा दत्तू होता, शिवाय सांभाळलेली अनाथ मुले होती. त्यात हे ठोंबरे आले. ख्रिस्ती घरी राहणारा ब्राह्मणाचा मुलगा म्हणजे त्या काळी लोकांच्या तोंडी विषयच! पण या घरात राहण्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले.

वयाने मोठे झाले तरी ठोंबरे स्वभावाने मूलच होते. घटकेत हसणार, घटकेत रुसणार, कोठेतरी निघून जाणार. अशा मुलाला सांभाळणे सोपे नसते, हे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्या आयांना विचारावे. लक्ष्मीबाईंनी त्यांचे रुसवे काढले आणि त्यांना घरच्या मुलासारखे वागवले. तिलक स्वतः मोठे कवी. आपल्यासारखेच लिही असे म्हणणे त्यांना सहज शक्य होते. पण ठोंबरे यांची कविता तिलकांसारखी झाली नाही, ती त्यांचीच राहिली. ‘फुलराणी’ आठवून पाहा. हिरवळीवर खेळणारी एक कळी आणि तिचे सूर्यकिरणाशी लागलेले लग्न! लहान मुले भातुकलीत बाहुलीचे लग्न लावतात, तसाच हा खेळ, फक्त मांडव आभाळाएवढा. मोठी माणसे अशा खेळाला पोरकटपणा म्हणतात. या घरात तसे कोणी म्हटले नाही, असे आम्हांला वाटते.

खेळकर कवितेमागे उदासीही होती. ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता वाचली की ती जाणवते. संसारात त्यांना सुख लाभले नाही, पोटापाण्याची विवंचना सुटली नाही. भादलीच्या त्या दिवसानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, तिलकही गेले.

लक्ष्मीबाई मागे राहिल्या. शाळेत कधी न गेलेल्या या बाईंनी पुढे दत्तूच्या आग्रहावरून आठवणी लिहिल्या. तेच ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. आपल्यापैकी ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी मिळवून जरूर वाचावे. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला त्या जशा हसल्या आहेत, तशाच मायेने त्यांनी ठोंबरेंबद्दलही लिहिले आहे. ते जाऊन तोवर सोळा वर्षे झाली होती.