विश्लेषण : वायपर आधी आला, मोटर नंतर! मेरी अँडरसन यांच्या शोधाला मोल का मिळालं नाही?

पावसाळ्यातला पहिला जोराचा पाऊस. हॅचबॅक गाडी मागे घेताना मागचं काही दिसत नाही, म्हणून मागच्या वायपरचं बटण दाबलं जातं. डिकीच्या दारातून नुसती घरघर ऐकू येते, वायपर मात्र जागचा हलत नाही. गॅरेजमध्ये डिकीच्या आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं की चार गोष्टी दिसतात. मुठीएवढी मोटर, तिच्यातून बाहेर निघणारा दांडा, स्प्रिंगच्या जोरावर काचेला टेकणारा हात आणि त्याला लावलेली रबराची पट्टी. यातली मोटर वगळली, तर बाकीची रचना १९०३ मध्येच कागदावर आली होती. ती मांडणाऱ्या महिलेचं नाव मेरी अँडरसन. त्यांच्या कल्पनेवर पुढे मोठा उद्योग उभा राहिला, पण त्यातला वाटा त्यांना मिळाला नाही. असं का झालं, हे समजून घेऊ.

मेरी अँडरसन कोण होत्या?

मेरी यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ग्रीन काउंटीत झाला. त्या चार वर्षांच्या असताना वडिलांचं निधन झालं. १८८९ मध्ये आई आणि बहीण फॅनी यांच्यासह त्या बर्मिंगहॅम या वाढत्या शहरात आल्या. तिथे या कुटुंबाने फेअरमाँट अपार्टमेंट्स ही इमारत बांधली. १८९३ ते १८९८ या काळात मेरी यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथे गुरांचा फार्म आणि द्राक्षबाग सांभाळली. आजारी मावशीच्या देखभालीसाठी त्या पुन्हा बर्मिंगहॅमला परतल्या.

त्या इंजिनीअर नव्हत्या. त्यांनी लग्न केलं नाही आणि मिळकत स्वतःच सांभाळली. त्या काळातल्या स्त्रीसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये काय घडलं?

१९०२-०३च्या हिवाळ्यात मेरी न्यूयॉर्कला गेल्या होत्या. बर्फमिश्रित पाऊस पडत होता आणि त्या ट्राममध्ये बसल्या होत्या. समोरची काच सतत झाकोळत होती. ट्रामच्या दर्शनी काचेचे दोन भाग होते. चालकाने ते उघडून ठेवले आणि थंडगार वारा अंगावर घेत तो ट्राम चालवत राहिला. काच बंद केली तर दिसत नाही, उघडली तर गारठा सोसावा लागतो, अशी त्याची कोंडी झाली होती.

डब्यातल्या प्रवाशांसाठी हे नेहमीचंच होतं. मेरी यांना मात्र त्यात सुटू शकणारी अडचण दिसली. चालकाने जागेवरून न उठता आणि काच न उघडता बाहेरची बाजू पुसता आली पाहिजे, एवढाच प्रश्न होता.

पेटंटमध्ये नेमकं काय होतं?

अलाबामात परतल्यावर त्यांनी एका डिझायनरकडून आराखडा करून घेतला आणि स्थानिक कारखान्यातून चालतं मॉडेल बनवून घेतलं. रचना सोपी होती. चालकाजवळ आत एक दांडी, ती फिरवली की बाहेरचा हात काचेवरून सरकणार आणि त्याची रबरी कड पाणी-बर्फ पुसून नेणार. हात काचेला टेकलेला राहावा म्हणून वजनाची आणि स्प्रिंगची सोय होती. हवा चांगली असेल तेव्हा उपकरण काढून ठेवता येत होतं. काच पुसण्याचे प्रयोग आधीही झाले होते, पण प्रत्यक्षात नीट चालणारं पहिलं उपकरण म्हणून मेरी यांच्या या रचनेचं नाव घेतलं जातं.

१८ जून १९०३ रोजी त्यांनी अर्ज केला. योगायोग असा, की फोर्ड मोटर कंपनीची स्थापना त्याच्या दोनच दिवस आधी झाली होती. १० नोव्हेंबर १९०३ रोजी मेरी यांना ७४३८०१ क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्याची मुदत १७ वर्षांची होती.

कंपनीने नकार का दिला?

१९०५ मध्ये मेरी यांनी हे हक्क कॅनडातल्या एका नामांकित कंपनीला देऊ केले. या वस्तूला विकण्याजोगी व्यापारी किंमत नाही, असं सांगून कंपनीने नकार दिला.

आज हा नकार हास्यास्पद वाटतो. तेव्हाचं चित्र मात्र वेगळं होतं. रस्त्यावर मोटारी फारच कमी होत्या आणि अनेकींना पुढची काचही नव्हती. मोटार सामान्य माणसापर्यंत नेणारी फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली. म्हणजे उपाय तयार होता, पण तो विकत घेणारी बाजारपेठ अजून जन्मायची होती.

१९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि ही कल्पना कोणालाही वापरता येऊ लागली. दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या गाड्यांवर वायपर कंपनीतूनच बसवून द्यायला सुरुवात केली. पुढे सगळ्याच कंपन्यांनी तेच केलं. मेरी यांना मात्र पैसा मिळाला नाही.

मग मोटर कधी आली?

हाताने वायपर फिरवायचा म्हणजे स्टीअरिंगवरचा एक हात काढावा लागे. त्यामुळे पुढचा प्रश्न हा हात मोकळा करण्याचा होता. इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारे वायपर आले, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते मंदावायचे. १९१७च्या सुमारास शार्लट ब्रिजवुड या आणखी एका महिलेने विजेवर चालणाऱ्या रोलरची रचना मांडली. तिलाही बाजारात यश आलं नाही. १९२६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने विजेवर चालणारा वायपर आणला आणि हाताची जागा मोटरने घेतली.

मागच्या वायपरची मोटर का बंद पडते?

हॅचबॅक आणि एसयूव्हीची मागची बाजू एकदम तुटक असते. गाडी धावताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेलं चिखलपाणी ओढलं जाऊन काचेवर बसतं. म्हणून या गाड्यांना मागे वायपर लागतो. पण तो वर्षातले अनेक महिने वापरलाच जात नाही आणि बिघाडाची सुरुवात तिथेच होते.

दांडा जिथून बाहेर येतो, तिथलं रबरी सील कालांतराने कडक होतं. पाणी आत झिरपतं, ग्रीस सुकून घट्ट होतं आणि दांडा आपल्या नळीत गंजून अडकतो. मोटर फिरू पाहते, पण दांडा हलत नाही. घरघर येते ती यामुळे.

आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. त्यानंतर डिकीचं दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायर तपासाव्यात, कारण दार उघडून-मिटून त्या आत तुटतात. वायपर भलत्याच जागी थांबत असेल, तर मोटरच्या गिअरमधले थांबण्याच्या जागेचे संपर्कबिंदू झिजलेले किंवा मळलेले असू शकतात.

दांडा अडकला असेल तर लगेच नवी मोटर घ्यायची गरज नसते. नट काढून वायपरचा हात सोडवायचा, प्लग काढून मोटर बाहेर घ्यायची, जुनं ग्रीस पुसायचं, दांड्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासायचा, मग नवं ग्रीस आणि नवं सील घालायचं. परत बसवताना एक गोष्ट महत्त्वाची. आधी मोटर चालवून तिच्या थांबण्याच्या जागी येऊ द्यायची आणि मगच हात बसवायचा. नाहीतर पातं काचेच्या कडेवर आदळतं. नंतर महिन्यातून एकदा काच ओली करून वायपर चालवला, तरी दांडा मोकळा राहतो.

मेरी यांची दखल कधी घेतली गेली?

मेरी बर्मिंगहॅममध्येच राहिल्या आणि अखेरपर्यंत फेअरमाँट अपार्टमेंट्सचा कारभार पाहत होत्या. २७ जून १९५३ रोजी टेनेसीतल्या माँटीगल इथे वयाच्या ८७व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तोपर्यंत वायपर नसलेली मोटार दिसणं दुर्मीळ झालं होतं. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला २०११ मध्ये, निधनानंतर ५८ वर्षांनी.

सव्वाशे वर्षांत वायपरला मोटर मिळाली, टायमर मिळाला, पाऊस ओळखणारे सेन्सरही आले. पण काच अजूनही दांड्यावर फिरणारा हात आणि रबराची कडच पुसते. गॅरेजमध्ये मेकॅनिक गंजलेला दांडा मोकळा करतो, तेव्हा तो मेरी अँडरसन यांचंच यंत्र पुन्हा चालू करत असतो.