आनंदीबाईंची अमेरिकेची तयारी

मुलांनो, अमेरिकेला येताना काय काय तयारी केली हे आईबाबांना विचारा. व्हिसाच्या रांगेपासून चार पिशव्यांत गुंडाळलेल्या लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळे ऐकायला मिळेल. आज आपण अशा एका मराठी मुलीची गोष्ट पाहू, जिची ही तयारी तीन वर्षे चालली होती. तिला यायचे होते आपल्याच न्यू जर्सीतल्या रोझेल गावी.

ही मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, घराणे कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच हा त्यांचा ध्यास होता. ते अभ्यास करून घेत, पण रागावत आणि मारतही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. तेव्हा बायकांना तपासायला बाईमाणूस डॉक्टर नसे. आपणच डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली होती. ख्रिस्ती व्हाल तर पाहू, असे उत्तर आले. ते दोघांनाही मान्य नव्हते. हा पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला. १८८० साली रोझेलच्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले ते मासिक त्यांनी सहज उचलले, वाचले आणि सरळ पत्र लिहिले. मग पत्रे जात येत राहिली. सणवार, चालीरीती, धर्म, सगळ्यावर दोघी लिहीत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. न पाहिलेल्या देशात आपले माणूस आधी जोडले, ही मला त्यांच्या तयारीतली सर्वात मोठी गोष्ट वाटते.

गोपाळरावांची बदली कलकत्त्याकडे झाली. समुद्र ओलांडला की जात जाते, अशी तेव्हा समजूत होती. एकटी बाई परदेशी निघाली म्हणून जो तो टीका करू लागला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या. हे श्रीरामपूर बंगालमधले, आपले नगर जिल्ह्यातले नव्हे. भाषण इंग्रजीत होते आणि वय होते अठराच्या आतले. लोक विचारत होते तेच सहा प्रश्न त्यांनी स्वतः मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकाच का? इथे सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? संकट आले तर? कुणी बाई करत नाही ते तूच का करावेस? मुंबईत शाळेत जाताना लोक खडे मारत, दुकानदार थुंकत, हेही त्यांनी सांगितले. एकटीच का, याचे उत्तर साधे होते. गोपाळरावांवर म्हातारी आई आणि धाकटे भाऊ अवलंबून होते. आपण तिकडे हिंदू म्हणूनच राहू आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी स्पष्ट केले. भाषणाची बातमी पसरली आणि ठिकठिकाणाहून पैशांची मदत येऊ लागली.

एक तयारी मात्र राहून गेली. डोकेदुखी, ताप, धाप असे सतत चालू होते. मावशींनी अमेरिकेहून औषधेसुद्धा पाठवली, पण गुण आला नाही. आधी त्यांना बरे होऊ द्यायला हवे होते, असे आज वाटते.

७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली. आपण विमानात सोळा तास बसलो तरी कंटाळतो! मावशी न्यायला आल्या होत्या.

पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधे, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. थंडीने आणि वेगळ्या अन्नाने प्रकृती आणखी ढासळली, तरी मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही मिळाली. पण वर्षअखेरीस त्या परतल्या त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. तेव्हा बावीस वर्षेही पुरी नव्हती.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.