व्याकरणकाराचे घर

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी घेतलेल्या प्रत्येकाला विल्यम कॅरी हे नाव पाठ असते. श्रीरामपूरचे मिशनरी, 1805 साली इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण, 1810 साली मोडी अक्षरांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश, त्यांच्या छापखान्यातून 1814 साली निघालेली ‘सिंहासनबत्तीशी’. चार गुणांची टीप झाली. सरांनी वर्गात श्रीरामपूर म्हटले तेव्हा मी शेजारच्या मैत्रिणीला हळूच सांगितले, की माझे आईवडील दरवर्षी तिकडेच असतात. हे श्रीरामपूर बंगालातले, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठचे, हे सरांनी पुढे सांगितले तेव्हा मी खजील झाले. माझे श्रीरामपूर नगरकडचे, उसाचे.

पण त्या चुकीमुळेच कॅरीसाहेब मला एकदम ओळखीचे वाटू लागले. आमच्या मुखेड तालुक्यातून दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या नि तान्ही पोरे घालून माणसे निघतात, ती पाडव्याच्या पुढेमागे परततात. परमुलखात संसार मांडणे म्हणजे काय, हे मी लहानपणी कोपीत राहून पाहिले आहे. मग बायकोपोरांसह सात समुद्र ओलांडून आलेल्या या माणसाच्या घरात चूल कोण पाहत होते? पोरे कोण सांभाळीत होते? सणवार कसा होत होता? व्याकरणाच्या इतिहासात याचे उत्तर नाही. ग्रंथालयातून इंग्रजी चरित्र काढले. माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश मांडीवर घेऊन दिवाळीची सुट्टी त्यात गेली. जे हाती लागले ते सांगते.

कॅरींचा जन्म 17 ऑगस्ट 1761 चा, इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यातला. वडील आधी विणकर, मग गावच्या शाळेचे मास्तर. मुलाने चांभारकाम शिकून घेतले आणि जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा शिकला. कामाच्या जागी भिंतीवर स्वतः तयार केलेला जगाचा नकाशा लावलेला असे. जून 1781 मध्ये पिडिंग्टन गावी त्यांचे लग्न झाले. वय एकोणीस, म्हणजे आज माझे आहे तेवढे. वधू डोरोथी प्लॅकेट, त्यांच्याहून पाचेक वर्षांनी मोठी. लग्नाच्या नोंदवहीत तिला सही करता आली नाही. तिने फुली मारली. माझी आई अंगठा उठवते.

येथे एक कबुली देते. कॅरींना मी अहोजाहो करते आहे आणि डोरोथीला अरेतुरे. आमच्या घरीही वडिलांना अहो आणि आईला अगं, त्या सवयीने झाले असेल. यापुढे त्यांनाही डोरोथीबाई म्हणते.

1792 साली कॅरींच्या पुढाकाराने बॅप्टिस्ट पंथाच्या काही पाद्र्यांनी परदेशी धर्मप्रसारासाठी संस्था काढली. पहिल्या बैठकीत वर्गणीचा आकडा जमला 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. एवढ्यावर हिंदुस्थान गाठायचा! डोरोथीबाईंनी साफ नकार दिला. त्या बाईंना आपल्या परगण्याबाहेरचे जग माहीत नव्हते, दोन मुली लहानपणीच गमावलेल्या, आणि पुन्हा दिवस गेलेले. कॅरी थोरल्या फीलिक्सला घेऊन निघाले. पण कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरवले, आणि तेवढ्या अवधीत सोबतचे डॉक्टर जॉन थॉमस पुन्हा पिडिंग्टनला गेले. आता आला नाहीत तर जन्मभर पस्तावाल, अशा अर्थाचे काही त्यांनी बाईंना ऐकवले. बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, असे म्हणून बाई तयार झाल्या. घाईघाईत सामान बांधले गेले. मांडीवर महिनाभराचा जाबेझ. 13 जून 1793 रोजी डॅनिश जहाज निघाले.

आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई नाही म्हणाली तर कोयता अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धीच. त्यामुळे बाईला कुणी विचारीत नाही. डोरोथीबाईंना निदान विचारले तरी होते, असे मला प्रथम वाटले. मग वाटले, नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायला आले, याला विचारणे म्हणावे का? अर्थात कॅरी गेले नसते तर आपल्या भाषेचे ते व्याकरण तेव्हा छापले गेले नसते, हेही खरे. ही दोन वाक्ये मला अजून एका जागी बसवता येत नाहीत.

पाच महिन्यांनी, नोव्हेंबर 1793 मध्ये कुटुंब कलकत्त्यास उतरले. पैशाचा कारभार थॉमस यांच्याकडे, आणि तो माणूस उधळ्या. थोड्याच दिवसांत हात रिकामे झाले. बाई आणि फीलिक्स हगवणीने अंथरुणाला खिळले. मग सुंदरबनात, वाघांच्या मुलखात काही महिने. तिथल्या एका इंग्रज मिठागर अधिकाऱ्याने आसरा दिला आणि पुढे त्याच्याशीच किटीचे लग्न झाले. म्हणजे ज्या बहिणीच्या भरवशावर बाई आल्या ती मागे राहिली. 1794 च्या जूनमध्ये कॅरींना मालद्याच्या बाजूला मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली. पगार मिळू लागला, डोक्यावर छप्पर आले. पण हिवतापाने घर पछाडले. त्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर गेला.

त्याला मूठमाती द्यायला माणूस मिळेना. परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या मुलाचा खड्डा कोण खणणार? कॅरी स्वतः तापाने उठू शकत नव्हते. शेवटी चार मुसलमान तयार झाले, आणि त्याबद्दल गावच्या प्रमुखाने त्यांचे खाणेपिणे बंद करण्याचा हुकूम काढला. कॅरींना मध्ये पडून तो मोडून काढावा लागला. हा भाग वाचून मी पुस्तक मिटले ते दोन दिवस उघडले नाही. त्याचे कारण शेवटी येईल.

पुढच्याच वर्षी डोरोथीबाईंचे मन बिघडले. नवरा बाहेरख्याली आहे असा पक्का समज झाला; त्या रस्त्यावर त्यांच्या मागे जाऊन ओरडत, एकदोनदा अंगावरही धावून गेल्या. ते खोटे होते हे सर्व परिचितांनी सांगितले आहे. याच दिवसांत 1796 साली शेवटचा मुलगा जोनाथन जन्मला. वेड्यांच्या इस्पितळात त्यांना पाठवण्याचे कॅरींनी टाळले आणि घरातच खोलीत कोंडून ठेवावे लागले. शेजारच्या खोलीत भाषांतराचे काम चालू असे. याला धीर म्हणायचे की निगरगट्टपणा? मला ठरवता येत नाही. सरांना विचारले तर ते हसून म्हणाले, की परीक्षेत हा प्रश्न येणार नाही.

10 जानेवारी 1800 रोजी हे कुटुंब श्रीरामपूरला आले. हे ठाणे डेन्मार्कच्या राजाचे, त्यामुळे कंपनीची आडकाठी नव्हती. जोशुआ आणि हॅना मार्शमन हे शिक्षक जोडपे व विल्यम वॉर्ड हे मुद्रक तिथे आधीच उतरले होते. सर्वांनी मिळून नदीकाठी मोठे घर घेतले आणि एकत्र कुटुंब मांडले. एकच तिजोरी, एकच पंगत. घरखर्चाचा कारभार महिन्या-महिन्याने आळीपाळीने एकेकाकडे. मला सर्वांत आवडली ती शनिवारची रात्र. आठवडाभरात कुणाचे कुणाशी बिनसले असेल तर त्या बैठकीत बोलून मिटवायचे आणि मगच रविवार उगवू द्यायचा. आमच्या भावकीत ही चाल असती तर बांधावरून इतके खटले झाले नसते.

हे घर खऱ्या अर्थाने हॅनाबाईंनी चालवले. त्यांनी नवऱ्याच्या बरोबरीने युरोपियन मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि तिच्या उत्पन्नावर मिशनचा मोठा खर्च भागला. कॅरींची चार मुले तोवर आईविना असल्यासारखी उंडारत होती. बापाला त्यांना रागवायचे कधी जमले नाही. हॅनाबाईंनी त्यांना खाऊपिऊ घातले, वॉर्ड यांनी छापखान्यात घेऊन कामाला लावले. फीलिक्स तिथेच खिळे जुळवायला शिकला.

लातूरला मावशीकडे राहून मी अकरावी-बारावी केली. तिथे शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब होते. नाताळात त्यांच्याकडून करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट येई आणि दिवाळीचे आमचे ताट जाई. म्हणून कॅरींच्या घरचा नाताळ मी पुस्तकात शोधत बसले. परंतु त्या काळच्या त्या पंथाला नाताळचे विशेष कौतुक नव्हते, रविवार हाच त्यांचा सण. उत्सव झाले ते वेगळ्याच निमित्ताने. 1801 साली बंगाली नव्या कराराची पहिली बांधलेली प्रत हाती आली तेव्हा ती प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवून सगळे घर भोवती जमले. आपल्याकडे दसऱ्याला वह्या-पुस्तके पुजतात, तसेच मला ते दिसले. 1803 मध्ये कृष्ण पाल या सुताराच्या मुलीचे लग्न जन्माने ब्राह्मण असलेल्या कृष्णप्रसादशी लागले. सुताराची मुलगी नि ब्राह्मणाचा मुलगा! त्या रात्री सुताराच्या घरी गोरी माणसे जेवायला बसली. आमच्या गावात आज असे लग्न कितीजण निमूट पाहतील हा प्रश्नच आहे.

याच कृष्ण पालचा निखळलेला खांदा डॉक्टर थॉमस यांनी बसवला होता, आणि त्यातून तो मिशनकडे वळला. 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळीच्या पाण्यात त्याला आणि फीलिक्सला कॅरींनी बाप्तिस्मा दिला. सात वर्षांच्या कष्टांचे पहिले फळ. डॅनिश गव्हर्नरसुद्धा काठावर हजर. त्याच वेळी आवारात एकीकडे डोरोथीबाई कोंडलेल्या आणि दुसरीकडे आनंदाने भ्रमिष्ट झालेले थॉमस, आणि दोघांचा आरडाओरडा भजनाच्या आवाजात मिसळत होता. घरातला सर्वांत मोठा दिवस हा असा साजरा झाला.

1801 पासून कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात इंग्रज अधिकाऱ्यांना बंगाली व संस्कृत, आणि पुढे मराठी शिकवू लागले. दर आठवड्याला होडीने जायचे, दोनतीन रात्री तिथे राहून परत यायचे. पगार पुढे महिना 1000 रुपयांपर्यंत चढला. घरखर्चापुरता थोडका भाग ठेवून तो सगळा समाईक तिजोरीत जाई. महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. आपली भाषा ते वैजनाथ पंडितांकडून शिकले. 1806 सालच्या त्यांच्या कलकत्त्यातील एका दिवसाची हकीकत उपलब्ध आहे. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू, मग नोकरांसह बंगालीत प्रार्थना, चहा होईपर्यंत मुनशीबरोबर फारसी, न्याहारीनंतर पंडितासह रामायणाचे भाषांतर, दहा वाजता कॉलेज, परतल्यावर मुद्रिते, जेवणानंतर संस्कृत, संध्याकाळी तेलुगू, रात्री प्रवचन, त्यानंतर अकरापर्यंत पुन्हा बंगाली भाषांतर. अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी हे भिंतीवर लावावे. पण मी तो दिवस तीनदा वाचला आणि त्यात डोरोथीबाई मला कुठे भेटल्या नाहीत.

8 डिसेंबर 1807 रोजी, बारा वर्षे तशीच काढून, त्या तापाने वारल्या. पाच महिन्यांनी कॅरींनी शार्लट रूमोर या विद्वान, पायाने अधू असलेल्या डॅनिश बाईंशी लग्न केले. सहकाऱ्यांना ही घाई रुचली नाही. पण तेरा वर्षांचा तो संसार सुखाचा झाला. शार्लटबाई त्यांच्या भाषांतरात रस घेत, मुलांना जीव लावत. याच काळात 11 मार्च 1812 च्या आगीत छापखाना व अनेक हस्तलिखिते जळाली आणि कॅरी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. फीलिक्स ब्रह्मदेशात गेला होता. 1814 साली इरावती नदीत नाव बुडून त्याची बायकोमुले गेली आणि पुढे काही वर्षे तो भरकटला. बागेचे वेड मात्र कॅरींना शेवटपर्यंत होते. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनी कोपऱ्यात झटकली तर काही दिवसांनी तिथे तिकडच्या कुरणातले साधे डेझीचे फूल उगवले. त्या दिवशी हा माणूस लहान मुलासारखा हरखला होता.

सतीबंदीचा डिसेंबर 1829 चा कायदा बंगालीत आणण्यासाठी त्यांच्याकडे आला तो रविवारी. ज्या घराचा रविवार हाच सण, तिथे त्यांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि दिवसभर बसून भाषांतर पुरे केले. एका दिवसाच्या उशिराने एखादी बाई जळेल म्हणून. 9 जून 1834 रोजी श्रीरामपूरलाच ते वारले. एकेचाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. आपल्याला दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी पुरावे, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते आणि तसेच झाले.

सुट्टी संपत आली तशी आईवडिलांची निघायची तयारी सुरू झाली. शेवटच्या रात्री आई पिठाचा डबा बांधत होती आणि मी तिला ही सारी गोष्ट सांगितली. माझ्या आधीची एक बहीण नगरकडे, उसाच्या फडाच्या कडेला पुरलेली आहे. ती आठ महिन्यांची होती. आमच्या घरात तिचे नाव निघत नाही. आईने कॅरीसाहेबांबद्दल, व्याकरणाबद्दल काही विचारले नाही. त्या पोराचा खड्डा कुणी खणला, एवढेच तिने विचारले. मी सांगितले. त्या चौघांची नावे पुस्तकात आहेत का, असे तिने पुन्हा विचारले. मला ती सापडली नव्हती. तिने डब्याच्या दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.