लेखणीने दिलेली दृष्टी : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. इंग्रजी राजवटीने ज्या समाजावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या मातंग समाजातील हे कुटुंब. शाळा लाभली ती जेमतेम दीड दिवस. पुढे पोटासाठी हे कुटुंब पायी मुंबईस आले. तेथे मिळेल ते काम करीत, दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी अक्षरओळख करून घेतली, असे सांगतात. हेच आपले अण्णा भाऊ.

कामगार चळवळीने त्यांना मंच दिला. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. २ मार्च १९५८ रोजी मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्याच भाषणाने झाले.

लेखन माणसाला जगण्याविषयी काय शिकविते, याचे उत्तर आम्हांस त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत सापडते. खाणीतील काम बंद पडल्यावर धिप्पाड भीमा प्रेतांच्या राखेत व पुरलेल्या मढ्यांत सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कायमची जातात. नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. ज्या हातांनी पहाड फोडायचे, ते हातच आता अधू झालेले असतात. जग ज्याला मढी उकरणारा म्हणून हिणवील, त्याचे रिकामे हात लेखक आपल्याला दाखवितो. दोष देण्यापूर्वी कारण शोधावे, ही शिकवण कथेत कोठेही सांगितलेली नाही. तरी ती वाचकाच्या मनात उतरते.

‘फकिरा’ या कादंबरीत हीच दृष्टी अधिक विस्तारते. सरकारी दप्तरात जो दरोडेखोर, तो येथे भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा व त्यांच्यासाठी प्राण वेचणारा वीर आहे. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. आपल्या माणसांची नोंद इतरांनी करावी आणि आपण ती निमूट मान्य करावी, हे दोघांनाही मंजूर नव्हते.

घाटकोपरच्या चिरागनगरमधील झोपडीत राहून त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या आणि अनेक कथा लिहिल्या. लेखणीने त्यांचे दारिद्र्य हटविले नाही. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मात्र ज्यांना कोणी माणूस म्हणून पाहिले नव्हते, त्यांना त्यांनी मराठी साहित्यात मानाने उभे केले.

वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या अनेकांचे आईवडील ऊसतोडणीत, वीटभट्टीवर, बांधकामावर राबले. त्यांच्या आठवणी बहुधा कोठेच लिहिलेल्या नाहीत, आणि ती पिढी आता थकत चालली आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची नम्र विनंती आहे : त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे ऐकावे आणि वहीत उतरवून ठेवावे. लिहिताना शुद्धलेखन चुकले तरी चालेल. माणूस मात्र नीट पाहावा. अण्णा भाऊंना आमचे विनम्र अभिवादन. जय भीम.