महालाट आणि दिवाळे

गुस्ताव्ह ल ग्रे मूळचा चित्रकार. १८२० साली पॅरिसजवळ जन्मलेला हा माणूस छायाचित्रणाकडे वळला आणि १८५६-५७ मध्ये समुद्रापाशी येऊन थांबला. त्या काळी काचेवरचे रसायन निळ्या उजेडाला फार हळवे असे. लाटा नीट उतरल्या की आभाळ पांढरेफटक पडे. ल ग्रेने मग दोन काचा घेतल्या. एकीवर पाणी, दुसरीवर ढग. जोड क्षितिजाच्या रेघेवर. सेत बंदराजवळची 'महालाट' अशीच साधलेली. फुटण्याच्या बेतातले ते पाणी पाहताना आजही पोटात गोळा येतो.

पॅरिसच्या स्टुडिओचा जमाखर्च मात्र त्याला असा जोडता आला नाही. (उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते.) नाव झाले होते, तरी १८६० मध्ये धंदा बुडाला. बायको-मुलांना मागे ठेवून तो कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमाच्या जहाजावर चढला. ज्या समुद्राने नाव दिले, त्याच समुद्रावरून परागंदा. द्युमाशी बिनसले, त्याने याला माल्टात उतरवले. मग बैरुत, अलेक्झांड्रिया, कैरो. तेथे चित्रकला शिकवून पोट भरले. फ्रान्सला तो परतलाच नाही. १८८४ मध्ये कैरोतच वारला.

१९९९ मध्ये लंडनच्या लिलावात 'महालाटे'ची एक प्रत पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली.