साठीच्या आत गेलेले महाराज



आजच्या वाचनात ग्रामगीतेतला ग्राम-आरोग्याचा अध्याय होता. गावाचं आरोग्य कसं राखावं हे इतक्या तळमळीनं लिहिणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः कॅन्सरनं गेले, तेही साठी पूर्ण व्हायच्या आत. जन्मभर व्यसनांविरुद्ध बोलत गावोगाव फिरलेला माणूस! म्हणून कुणी कॅन्सरच्या पेशंटसमोर मागच्या जन्मीच्या पापाचा विषय काढला, की मला महाराजच आठवतात. हा रोग कुणाचं पुण्य बघून येत नाही.

महाराजांचं मूळ नाव माणिक. जन्म ३० एप्रिल १९०९, गाव अमरावती जिल्ह्यातलं यावली. घरात गरिबी, शाळा लवकरच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून तुकड्या हे नाव मिळालं. रामटेक, सालबर्डीच्या जंगलांत साधना झाली. पण जंगलातच राहिले असते तर आपल्या खामगाव-मेहकरकडच्या घराघरात त्यांचा फोटो लागला नसता. ते हातात खंजिरी घेऊन माणसांत आले. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या भजनांनी लोक इतके पेटले की इंग्रज सरकारनं त्यांना उचललं. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात जवळपास शंभर दिवस काढले. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तिथंही सोबत खंजिरी होतीच.

या सगळ्यात मला सर्वात मोठी वाटते ती त्यांची सामुदायिक प्रार्थना. साधी गोष्ट आहे. संध्याकाळी गावातले सगळ्या जातीधर्माचे लोक एका सतरंजीवर बसणार, सोबत म्हणणार, घरी जाणार. आम्ही इंजिनिअर लोक सर्व्हरचा बॅकअप बिघाड व्हायच्या आधी घेऊन ठेवतो, कारण बिघाड झाल्यावर घ्यायला काही उरत नाही. प्रार्थनेचं तसंच असावं असं वाटतं. चांगल्या दिवसांत रोज बसलेला माणूस वाईट दिवसातही त्याच वेळी तिथंच जाऊन बसतो. त्या दिवशी मन शांत असेलच असं नाही, पण शेजारी माणसं असतात.

१९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला. महाराज तिथल्या मदतकार्यातही होते. पुढं दहाच महिन्यांत ते गेले.

कॅन्सर निघाल्यावर त्यांच्यावर शक्य ते सगळे उपचार झाले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडं अजून भक्ती आणि औषध यांत भांडण लावणारे लोक आहेत. अंगारा लावा, केमो सोडा, असं सांगणारे तुम्हालाही भेटले असतील. अंधश्रद्धेवर आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या महाराजांच्या नावानं तरी हे करू नका. ग्रामगीतेत प्रारब्धावर वेगळा अध्याय आहे, आणि तो हात जोडून बसायला सांगत नाही.

उपचारांना यश आलं नाही. ११ ऑक्टोबर १९६८ ला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, गुरुकुंजातच त्यांनी देह ठेवला.

आमच्या मोठ्याईला मागच्या वर्षी कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी केमोसाठी अकोल्याला जावं लागतं. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला पॉझिटिव्ह राहायला सांगून जातो. प्रेमानंच सांगतात, पण त्यामुळं बिचारीला रडायचीही चोरी झाली. एका रात्री ती मला म्हणाली की हसून हसून तोंड दुखतं रे बाबा. त्यानंतर आम्ही घरात तो शब्दच बंद केला. पण हनुमानाच्या मंदिरातली संध्याकाळची प्रार्थना तिनं सोडली नाही. उलटीचे दिवस असले की पुतणी मोबाईल लावून ठेवते आणि ही पडल्या पडल्या ओठ हलवते. कधी मध्येच डोळ्यांतून पाणी येतं, कधी गाढ झोप लागते. डॉक्टरांनी बरी होण्याची खात्री दिलेली नाही. आम्हीही तिला खोटी खात्री देत नाही. गोळ्या वेळेवर, स्कॅन तारखेला आणि साडेसहाला प्रार्थना, असं चाललंय.

दिवाळीच्या आधी, आश्विन वद्य पंचमीला, मोझरीला पुण्यतिथी असते. लाखभर लोक जमतात, भजनं चालू असतात, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं थांबतं. खंजिऱ्या थांबतात, लहान पोरंसुद्धा चूप होतात. यंदा मोठ्याईला यायचंय. पंचमीच्या आसपास केमोची तारीख येते का ते बघून गाडी ठरवणार आहे.

उद्या पुढचा अध्याय. जय गुरुदेव.