ढिगाऱ्याखालचा मुलगा आणि सूर्यावरच्या रेघा

वरण उतू गेले की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. हे दृश्य घरोघरी अधूनमधून दिसते, पण पुसायचे फडके शोधण्याच्या घाईत त्याकडे कोण पाहतो? तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. रस्त्यावरचे पिवळे दिवे, जे आता एलईडी आल्यापासून एकेक करून दिसेनासे होत आहेत, त्यांचाही रंग हाच. गंमत अशी की, सूर्यप्रकाशाचे सात रंग नीट पसरून पाहिले तर नेमक्या याच पिवळ्या रंगाच्या जागी दोन बारीक काळ्या रेघा दिसतात. त्या रेघा ज्याने प्रथम बारकाईने मोजल्या, त्या योसेफ फ्राउनहोफरची ही हकीकत.

हा माणूस मला जवळचा वाटतो याला एक घरगुती कारण आहे. माझे वडील चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायचे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण काचेत कुठे ताण आहे, कुठे बुडबुडा आहे, हे त्यांच्या बोटांना कळायचे. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली जुनी सूक्ष्मदर्शके त्यांनी एका उन्हाळ्यात रोज संध्याकाळी बसून दुरुस्त करून दिली होती. पुढे समारंभ झाला, भाषणे झाली, आभार मानले गेले. त्यात वडिलांचे नाव नव्हते. ते काही बोलले नाहीत. मी मात्र ते विसरलो नाही, आणि पुढे फ्राउनहोफरचे चरित्र हाती आले तेव्हा पहिल्यांदा आठवली ती हीच गोष्ट.

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात डॅन्यूब नदीकाठी श्ट्राउबिंग नावाचे गाव आहे. तिथे ६ मार्च १७८७ रोजी योसेफचा जन्म झाला. बाप खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर, आणि हे अकरावे अपत्य, शेंडेफळ. मुलगा दहा-अकरा वर्षांचा होतो न होतो तोच आधी आई आणि मग वडील गेले. पालकत्व आले त्या मंडळींनी त्याला म्युनिकला एका आरसे बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. सहा वर्षांचा करार. पगार नाही, पोटाला अन्न आणि झोपायला जागा. मालकाचे नाव वाइक्सेलबेर्गर. मुलाला शिकायची हौस होती आणि रविवारच्या शाळेत जायचे होते. मालकाला ते नको होते. रात्री दिवा लावून वाचलेलेही त्याला खपत नसे. आपल्याकडच्या हॉटेलांत आणि गॅरेजांत राबलेल्या पोरांच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

२१ जुलै १८०१ रोजी ते घरच कोसळले. मालकाची बायको त्यात दगावली. चौदा वर्षांचा योसेफ ढिगाऱ्याखाली अडकला, आणि काही तास उपसाउपशी केल्यावर जिवंत बाहेर निघाला. अख्खे शहर पाहायला लोटले होते. त्यात बव्हेरियाचा राजा (तेव्हा त्याचा किताब इलेक्टर असा होता) माक्सिमिलियन स्वतः हजर होता. त्याने पोराला १८ मोहरा दिल्या. गर्दीत आणखी एक गृहस्थ होते, उट्झश्नायडर नावाचे. राजकारणात वावरलेले आणि कारखानदारीची हौस असलेले. त्यांनी त्याला गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली.

चौदा वर्षांच्या पोराने त्या पैशांचे काय केले? त्यातून त्याने काच घासायचे यंत्र घेतले आणि उमेदवारीतून स्वतःची सुटका विकत घेतली. मग भेटकार्डांवर नावे कोरायचा धंदा करून पाहिला. तो बुडाला. पुन्हा त्याच मालकाच्या दारात जाऊन उभे राहावे लागले. चरित्रकार या दोन-तीन वर्षांवरून भराभर पुढे जातात, पण मला वाटते, राजाकडून बक्षीस घेतलेला मुलगा परत त्याच दुकानात काचा घासायला बसला तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली असणार.

१८०६ मध्ये उट्झश्नायडर यांच्या कारखान्याने त्याला बोलावून घेतले. इथे भूमापनाची यंत्रे बनत. युरोपात नेपोलियनची युद्धे चालू होती, नकाशांना मागणी होती, आणि नकाशे करायचे तर चांगल्या दुर्बिणी हव्यात. चांगली भिंगे मात्र मिळत नव्हती. उट्झश्नायडर यांनी बेनेडिक्टबॉयर्न या गावचा रिकामा झालेला ख्रिस्ती मठ विकत घेतला आणि तिथे काचेच्या भट्ट्या घातल्या. गिनाँ नावाचा एक स्विस कारागीर काच वितळवण्यात वाकबगार होता. त्याच्या हाताखाली फ्राउनहोफर शिकला, आणि दोनचार वर्षांत त्याच्या पुढे गेला. १८०९ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, तो कारखान्याच्या त्या विभागाचा प्रमुख आणि भागीदार झाला.

आता थोडे काचेविषयी बोलायला हवे. एकाच काचेचे भिंग घेतले तर प्रत्येक रंग निराळ्या अंतरावर एकत्र येतो आणि चंद्राच्या कडेला रंगीत झालर दिसते. ती घालवायची तर दोन जातींच्या काचा, क्राऊन आणि शिसे घातलेली फ्लिंट, जोडून भिंग करावे लागते. त्यासाठी कोणती काच कोणत्या रंगाला किती वाकवते हे अचूक मोजायला हवे. पण मोजणार कसे? इंद्रधनुष्यात तांबडा कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो, हे कोणी सांगू शकेल का? फूटपट्टी आहे पण तिच्यावर खुणाच नाहीत, अशी ती अवस्था.

दिव्याच्या ज्योतीत त्याला एक खूण सापडली. रंगपट्ट्यात पिवळसर नारिंगी जागी एक झळझळीत दुहेरी रेघ सतत दिसे. तशीच ती सूर्यप्रकाशात दिसते का, हे पाहायला १८१४ च्या सुमारास त्याने खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेला अरुंद फट ठेवली, २४ फुटांवर लोलक मांडला आणि त्यापुढे भूमापकाच्या थिओडोलाइटची दुर्बीण लावली. उघड्या डोळ्यांऐवजी दुर्बिणीतून पाहण्याची ही युक्ती त्याला सुचली याचे कारण उघड आहे. कारखान्यात ते यंत्र हाताशीच होते.

झळझळीत रेघ दिसली नाही. त्याऐवजी संपूर्ण रंगपट्ट्यावर काळ्या रेघाच रेघा दिसल्या. काही ठळक, काही केसाएवढ्या. यंत्राचा दोष असेल म्हणून त्याने फट बदलली, लोलक बदलले, अंतरे बदलली. रेघा जागच्या हलल्या नाहीत. इंग्लंडमध्ये वोलॅस्टन यांना १८०२ मध्ये अशा मोजक्या रेघा दिसल्या होत्या, पण त्यांनी पुढे फारसा पाठपुरावा केला नाही. फ्राउनहोफरने ५७४ रेघांच्या जागा टिपल्या आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. आजही खगोलशास्त्रज्ञ त्यांतली अक्षरे वापरतात. डी म्हणजे आपल्या उतू गेलेल्या वरणातला सोडियम. दिव्यातली झळझळीत जोडी आणि सूर्यातली काळी जोडी एकाच जागी पडते, हेही त्याच्या ध्यानात आले होते. शुक्राच्या प्रकाशात त्याला सूर्याच्याच रेघा दिसल्या. व्याधाच्या ताऱ्यात मात्र निराळ्या, रुंद पट्ट्यांसारख्या.

या रेघा का पडतात, या प्रश्नाच्या मागे तो लागला नाही. त्याच्या लेखी त्या फूटपट्टीवरच्या खुणा होत्या, आणि त्या मिळाल्यावर तो काचेकडे वळला. हातात एवढे घबाड असून कारण शोधले नाही म्हणून काही जण त्याला कमी लेखतात. मला ते अन्यायाचे वाटते. कारखान्याच्या मागण्या पुऱ्या करता करता त्याच्याकडे वेळच नव्हता, हे त्याने स्वतःच आपल्या निबंधात नमूद केले आहे. शिवाय पुढे १८२१ पासून त्याने बारीक तारा समांतर ताणून, मग हिऱ्याने काचेवर रेघा ओढून जाळ्या केल्या आणि त्यांच्या साह्याने प्रकाशाची तरंगलांबी मोजली. आज प्रयोगशाळांत लोलकाची जागा बहुतेक ठिकाणी अशा जाळीने घेतली आहे.

विद्वानांच्या सभेत मात्र याला घ्यायचे की नाही, यावर म्युनिकच्या अकादमीत काथ्याकूट झाला. ज्याने विद्यापीठ पाहिले नाही, ज्याचे हात भट्टीत काळे होतात, तो कारागीर म्हणावा की शास्त्रज्ञ? आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, हा कसबी असेल, पण विद्वान नव्हे. त्याला १८१७ मध्ये आधी बाहेरचा सभासद म्हणून घेतले आणि मग हळूहळू आत. १८२२ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, १८२४ मध्ये राजाने सरदारकी दिली आणि नावात फॉन आले.

दुसरीकडे, काचेची कृती हे राज्याचे आणि कंपनीचे गुपित होते. रेघांविषयी तो सगळे छापू शकत होता, भट्टीविषयी काही नाही. इंग्रजांना ही काच जमेना म्हणून १८२५ पासून रॉयल सोसायटीने फॅरेडेंसारख्या माणसाला या कामाला जुंपले. काही वर्षे खपूनही बव्हेरियाची बरोबरी झाली नाही. (त्या खटपटीतली जड काच वाया गेली नाही. १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम फॅरेडेंना तिच्यातच दिसला.)

१८२४ मध्ये फ्राउनहोफरने डोर्पातच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या वेधशाळेसाठी सुमारे २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण केली. ती घड्याळाच्या यंत्राने ताऱ्यामागे आपोआप फिरे. त्यानंतर दोनच वर्षे तो जगला. वर्षानुवर्षे भट्टीची धग आणि शिशाच्या वाफा अंगावर घेतलेला देह क्षयाने पोखरला होता. ७ जून १८२६ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. लग्न केले नव्हते. जुना सहकारी राइखेनबाख जेमतेम अडीच आठवडे आधी वारला होता, त्याच्या शेजारीच याला पुरले. याने तारे जवळ आणले, अशा अर्थाचा लॅटिन लेख थडग्यावर कोरला गेला.

ते अक्षरशः खरे ठरले. त्याने आखलेल्या यंत्राने बेसेल यांनी १८३८ मध्ये एका ताऱ्याचे अंतर मोजले आणि १८४६ मध्ये बर्लिनला नेपच्यून सापडला तो त्याच्या कारखान्यातल्या दुर्बिणीतून.

रेघांचे कोडे १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी सोडवले. तापलेल्या वायूतले मूलद्रव्य जो रंग बाहेर टाकते, तोच रंग ते मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातून शोषून घेते. म्हणजे काळ्या रेघा या सूर्याच्या वातावरणातल्या मूलद्रव्यांच्या सह्या. तारे कशाचे बनले हे माणसाला कधीच कळणार नाही, असे फ्रेंच तत्त्वज्ञ कोंत १८३५ मध्ये ठासून सांगत होते. ते पंचवीस वर्षेही टिकले नाही.

इथे आपले कोकण येते. शाळेच्या सहलीत विजयदुर्गावर आम्हाला साहेबाचे कट्टे दाखवले होते आणि हेलियमचा शोध इथेच लागला, असे गुरुजींनी अभिमानाने सांगितले होते. पुष्कळ वर्षे मीही ते सांगत होतो. खरी गोष्ट जरा वेगळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले खरे, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. लॉकियरसाहेब तेव्हा इंग्लंडातच होते आणि ग्रहणाविनाच त्यांनी २० ऑक्टोबरला सूर्याच्या कडेची ती पिवळी रेघ पाहिली. ती सोडियमच्या रेघेजवळची, पण तिची नव्हे. हे नवे मूलद्रव्य म्हणजे हेलियम, पृथ्वीवर ते १८९५ मध्ये रॅम्से यांना सापडले. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, वर्णपटाची यंत्रे घेऊन. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे लावून बसले होते. त्यांचे नाव सहलीत कोणी सांगत नाही.

पुढचे किती सांगावे? मेघनाद साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या रेघांवरून त्यांचे तापमान कसे काढावे हे दाखवले. त्याच समीकरणांच्या आधारे १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुणीने तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत असे मांडले, आणि मोठ्यांच्या दबावाने ते विधान तिला मवाळ करावे लागले. २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने चंद्राच्या मातीवर लेझर मारून, निघालेल्या प्रकाशाच्या रेघांवरून गंधक ओळखले. पोलादाच्या कारखान्यात, अन्नभेसळीच्या प्रयोगशाळेत, गुन्हे अन्वेषणात हेच चालते. मला सर्वांत नवल वाटले ते शेतीचे. हिरवे पान उन्हात अगदी मंद तांबडा प्रकाश सोडते, पण भर उन्हात तो दिसणार कसा? फ्राउनहोफरच्या काळ्या रेघांत सूर्याचा उजेड कमी असतो. तेवढ्या फटीतून उपग्रह पानाचा तो प्रकाश टिपतात आणि पिकाची तब्येत जोखतात.

गेल्या दिवाळीत नातीबरोबर मी बुटांच्या खोक्याचा वर्णपटदर्शक केला. एका टोकाला ब्लेडने अरुंद फट, दुसरीकडे जुन्या सीडीचा तुकडा. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, उजळ आभाळाकडे धरायचे, हे तिला बजावले. दोन दिवस काही जमले नाही, फट रुंद होत होती. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांचा काच कापायचा हिरा ट्रंकेतून काढला आणि त्याने पत्र्याच्या पट्ट्यांच्या कडा घासून सरळ केल्या. मग ती बराच वेळ खोक्याला डोळा लावून बसली. चार रेघा दिसल्या म्हणाली. हिरव्यात एक, पिवळ्यात एक अगदी फिकट, निळ्यात दोन. मी फ्राउनहोफरचा आकडा सांगितला, तर तिने खोक्यावरून डोळा न काढता विचारले की उरलेल्या पाचशे सत्तर कुठे आहेत, आणि फट आणखी बारीक करायला मला खोके परत दिले.